दोन दारांमधली जागा

(दृश्य: दुपारची वेळ. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेचे फाटक.)

सोलापुरातील ज्या शाळा दोन सत्रांत भरतात, तेथे दुपारी सकाळची मुले बाहेर पडत असतानाच दुपारची मुले आत येत असतात, आणि रिक्षा, सायकली, मुलांना न्यायला आलेले पालक व पेरू-बोरांची हातगाडी हे सारे त्याच अरुंद जागेत एकत्र येते. प्रवेशद्वाराची रचना करताना प्रथम ही वेळ डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे. अनोळखी माणूस नकळत आत शिरू शकतो तो याच गर्दीत, आणि लहान मूल वाहनासमोर येण्याचा धोकाही याच वेळी सर्वांत अधिक असतो. म्हणून फाटक रस्त्याच्या कडेला न ठेवता काही फूट आत घ्यावे, म्हणजे गर्दी रस्त्यावर सांडत नाही; शक्य असल्यास येण्याची व जाण्याची वाट वेगळी ठेवावी.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीला कुंपण किंवा संरक्षक भिंत आवश्यक मानली आहे, आणि तिथेच अडथळामुक्त प्रवेशही सांगितला आहे. प्रत्यक्षात पहिल्या अटीकडे जेवढे लक्ष जाते तेवढे दुसरीकडे जात नाही. भिंतीवर काचा बसवल्या जातात, फाटकाला पत्रा ठोकला जातो. अशा फाटकामागे बसलेल्या पहारेकऱ्याला बाहेर कोण उभे आहे ते दिसत नाही आणि समोरच्या दुकानदाराला आवारात काय चालले आहे ते कळत नाही. आरपार दिसणारे उभ्या गजांचे फाटक त्याहून सुरक्षित असते. गज आडवे मात्र नसावेत. मुले त्यांची शिडी करतात.

(दृश्य: जुन्या वाड्याचा दरवाजा, दिंडी आणि आतील देवडी.)

आपल्या जुन्या वाड्यांत मोठ्या दरवाजात दिंडी, म्हणजे ये-जा करण्याचे लहान दार असे, आत देवडी, म्हणजे दरवाजालगतची बसण्याची जागा असे आणि देवडी ओलांडल्यावरच चौक लागे. आलेला माणूस देवडीत बसे, निरोप आत जाई आणि मग त्याला बोलावणे येई. त्याला उन्हात कोणी उभे करीत नसे, पण तो थेट माजघरापर्यंतही पोहोचत नसे. शाळेचे फाटक आणि वर्गांकडे नेणारे दार यांच्यामध्ये नेमकी अशीच जागा हवी. कार्यालयाची खिडकी तिच्यात उघडावी, अभ्यागतांची नोंदवही तेथेच असावी, आणि आतले दार कार्यालयातील व्यक्तीने पाहिल्यावरच उघडावे.

या जागेत बाक, पंखा आणि पिण्याचे पाणी असावे, ही चैन नव्हे. विड्यांचे काम अर्धवट ठेवून आलेली आई किंवा यंत्रमागावरील पाळी संपवून आलेले वडील शाळेत आधीच संकोचाने पाऊल टाकतात. त्यांचे स्वागत 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' एवढ्याच लाल पाटीने होऊ नये. 'पालकांनी प्रथम या खिडकीशी यावे' असे बाणासह लिहिलेली पाटी अधिक उपयोगी ठरते, आणि या शहरात ती मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही असावी.

सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे सावली हा रचनेचाच भाग ठरतो. फाटक पश्चिमेला असेल तर दुपारनंतरचे ऊन पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर येते, म्हणून तेथे खोल छज्जा किंवा कडुनिंबाचे झाड हवे. गुळगुळीत शहाबादी फरशी पावसात निसरडी होते. पायवाटेला खडबडीत फरशी घ्यावी. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार एकास बारा या प्रमाणात, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा, हवा. जागा वाचवण्यासाठी केलेला उभा उतार तपासणीपुरता असतो, त्यावरून खुर्ची चढत नाही.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, राज्य शासनाने शाळांमध्ये सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचे निर्देश दिले. कॅमेरे आवश्यकच आहेत, परंतु त्यांचे चित्रण बहुधा घटना घडून गेल्यावर पाहिले जाते. मुलांना आणि त्यांना न्यायला येणाऱ्या माणसांना चेहऱ्याने ओळखणारी व्यक्ती फाटकावर असेल, तर संशयास्पद माणूस तेथेच थांबवता येतो.

(दृश्य: शाळेच्या मागील बाजूचे दार.)

प्रवेश असा नियंत्रित केल्यावर बाहेर पडण्याची वाट मात्र मोकळी राहिली पाहिजे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुलांचा मृत्यू झाला. तेथे गवती छप्पर आणि अरुंद जिना होता. म्हणून मुख्य फाटकाखेरीज दुसरे दार हवे. ते बाहेरच्या दिशेने उघडणारे असावे, बाहेरून उघडता येऊ नये, आतून मात्र मुलाच्या हातालाही किल्लीविना उघडावे. त्याच्यासमोर मोडकी बाके आणि सायकली साठू लागतात, तेव्हा ते दार मोकळे आहे की नाही हे पाहण्याचे काम ठरावीक व्यक्तीकडे सोपवावे आणि वर्षातून काही वेळा तरी सगळ्या मुलांना त्या दारातून बाहेर काढण्याचा सराव घ्यावा.