परातीपासून भट्टीपर्यंत

[दृश्य: स्टीलची परात, त्यात थिजलेलं तूप. एक हात.]

तळहाताच्या मनगटाकडच्या गादीनं तूप रेटायचं, परातीच्या कडेपर्यंत न्यायचं, बोटांनी ओढून परत मध्ये आणायचं. पुन्हा रेटायचं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात साताऱ्यातल्या या स्वयंपाकघरात सकाळपासून हेच चाललंय. चकली, कडबोळी, शेव हे सगळं तळण उद्या. आज नानकटाई, कारण भट्टीवाल्या चाचांनी दुपारची वेळ दिलीय.

[दृश्य: परात जवळून. तुपाचा रंग.]

परातीत आता नीट बघा. तूप गाईचं आहे, म्हणजे सुरुवातीला चांगलं पिवळं होतं. फेसता फेसता त्याचा रंग उतरत जातो, पांढुरका होतो आणि रवाळपणा जाऊन ते मऊसूत होतं. तूप पातळ केलेलं चालत नाही. वितळलेल्या तुपात हवा धरून ठेवायची ताकद नसते. त्याची नानकटाई ताटात पसरते आणि चपटी होते. थिजलेल्या तुपात मात्र साखरेच्या बारीक कणांबरोबर हवेचे बुडबुडे शिरतात आणि अडकून राहतात. भट्टीत तेच फुगतात. नानकटाईच्या अंगावर ज्या भेगा पडतात, त्यांची सुरुवात इथे होते, या हाताखाली.

[संवाद, मूळ आवाजात]
सून: “आई, झालं का बघा आता.”
सासूबाई: “अगं, अजून पिवळं दिसतंय कडेला. घे जरा अजून.”

पिठीसाखर घरीच दळलेली आणि चाळलेली. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, हे या घरातलं माप. मैद्यातले दोन-तीन चमचे कमी करून त्याजागी बेसन आणि बारीक रवा. बेसनानं वास खुलतो, रव्यानं दाताखाली कुरकुर येते. वेलची, किसलेलं जायफळ, चिमूटभर मीठ आणि सोडा अगदी बेताचा. सोडा जास्त झाला तर रंग काळवंडतो आणि चव साबणासारखी लागते.

[दृश्य: मैदा परातीत चाळला जातोय. बोटांनी गोळा जमवणं.]

आता मळायचं नाही. चपातीची कणीक आपण तिंबतो, कारण तिथे चिवटपणा हवा असतो. इथे तोच नको असतो. मैद्याला पाणी लागलं आणि वर हाताचा जोर मिळाला की त्यात तार धरते. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं. नीट कढवलेल्या तुपात ते जवळजवळ राहतच नाही, आणि मैद्याच्या कणांवर तुपाचा थर बसला की तार धरायला वावच उरत नाही. म्हणून नानकटाई तोंडात घातली की चावावी लागत नाही. हे काम साजूक तुपाइतकं चांगलं दुसरं कुणी करत नाही, असं आमचं ठाम मत आहे. या घरातही तूप दुसरं येत नाही.

बाजारात मात्र गोष्ट बदलली. 1937 साली भारतात डालडा आला. वनस्पती तूप स्वस्त, उन्हाळ्यातही घट्ट राहणारं आणि महिनोन्‌महिने टिकणारं. बेकऱ्यांना ते सोयीचं पडलं आणि नानकटाईतलं साजूक तूप गेलं. त्यातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे.

[दृश्य: सुरत. तापीचा काठ. कतारगामकडची डच कबरस्तानं.]

ही नानकटाई आली कुठून, ते शोधत आम्ही सुरतेला गेलो. सुरत म्हटलं की मराठी माणसाला 1664 आठवतं, आणि मग 1670. शाळेच्या पुस्तकात सुरत आपल्याला तेवढीच भेटते. पण त्याच सुरतेत तेव्हा इंग्रजांची वखार होती, डचांची वखार होती, जगभरची जहाजं तापीच्या मुखाशी येऊन थांबत होती.

[दृश्य: हेंड्रिक व्हान रेडेची कबर. घुमट, खांब, कॅमेरा खालून वर.]

ही कबर कुठल्या नवाबाची वाटेल. ती आहे हेंड्रिक व्हान रेडे या डच अधिकाऱ्याची. मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ यानंच करवून घेतला. 1691 मध्ये तो वारला आणि इथे त्याला असं दफन केलं. घुमटावर घुमट, आत खांबांची रांग, मुघल धाटणीचं सगळं काम. परक्या मुलखात आपला डामडौल दाखवायची ही हौस बघितली, की या लोकांना रोजच्या जेवणात स्वतःचा पाव हवा असणार हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यासाठी भट्ट्या आल्या आणि भट्टीवर राबायला स्थानिक माणसं.

सुरतेच्या नानपुऱ्यात दोटीवाला या पारशी घराण्याची बेकरी आजही आहे. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिगत अशी. डच निघून गेले तेव्हा भट्टी त्यांच्या पूर्वजांच्या, फरामजी पेस्तनजी दोटीवालांच्या हाती आली. पाव फुगवायला ताडी वापरत. युरोपियन गिऱ्हाईक घटलं, पाव उरू लागला. उरलेला पाव भट्टीच्या शिल्लक आचेवर वाळवून विकायला सुरुवात केली, तर तो चहात बुडवून खायला लोकांना आवडला. मग मुद्दामच कडक बिस्किटं केली जाऊ लागली, खारी आली आणि त्याच भट्टीत तूप, साखर, पीठ एवढ्यावर भागणारी नानकटाईसुद्धा. अंडं नाही, ताडी नाही. त्यामुळे गुजरातेतल्या सोवळ्यातल्या घरांनाही ती चालली.

[दृश्य: काचेच्या बरण्या. हात नानकटाई तागडीत ठेवतोय.]

सुरतेहून मुंबईला व्यापारी आले, पारशी आले, त्यांच्या मागोमाग त्यांचं खाणं आलं. मुंबईहून ती घाट चढून पुण्याला, साताऱ्याला, कोल्हापूरला आली. आणि इथे आपल्या बायकांनी एक वेगळीच रीत पाडली. सामान घरचं, भट्टी बेकरीची. ही रीत आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. घरात ओव्हन नव्हता म्हणून कुणाचं अडलं नाही. गल्लीच्या टोकाला पेटती भट्टी होती आणि ती सगळ्यांची होती.

[दृश्य: पितळी डबा घेऊन चालणाऱ्या दोघी. बेकरीचा मागचा दरवाजा.]

दुपारी दोनचा सुमार. बेकरीच्या मागच्या खोलीत पोत्यांवर बसून सहा-सात बायका गोळे करताहेत. काळे पडलेले पत्रे बेकरीचे. पेढ्याएवढा गोळा, तळहातावर किंचित दाबलेला, दोन गोळ्यांत दोन बोटांचं अंतर. पत्रे एकसारखे, मग आपला कुठला ते ओळखायचं कसं? कुणी चारोळी लावतं, कुणी लवंग टोचतं, कुणी काट्या-चमच्यानं फुली मारतं. आपल्या घरची सून पिस्त्याचा काप उभा लावते. शेजारच्या काकूंनी आडवा लावलाय.

[दृश्य: भट्टीचं तोंड. आतली लाल विटांची कमान.]

वेळ दुपारची का, त्याचं उत्तर या विटांमध्ये आहे. पहाटे भट्टीत लाकडं पेटवतात. विटा तापून निघाल्या की निखारे बाजूला सारतात आणि पहिल्या कडक आचेवर पाव लागतो. आच उतरते तशी खारी लागते. त्याहून उतरली की नानकटाई. अगदी शेवटच्या उबेवर टोस्ट वाळतात. एकदा पेटवलेल्या आगीचा पार तळापर्यंत उपयोग. घरच्या ओव्हनमध्ये आपण 160 ते 170 अंशांवर काटा ठेवतो. इथे काटा नाही.

[दृश्य: चाचा चिमूटभर मैदा भट्टीच्या फरशीवर टाकतात. कॅमेरा मैद्यावर थांबतो.]

मैदा लगेच काळा पडला तर अजून थांबायचं. हळूहळू बदामी झाला तर लावायचं.

[संवाद, मूळ आवाजात]
“चाचा, आमचा पत्रा पुढे ठेवा हं, मागे करपतो.”
“वहिनी, इतकी वर्षं करपला का कधी?”

[दृश्य: लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून पत्रे आत सरकतात. निवेदन नाही. भट्टीचा आवाज. नंतर बायकांचे चेहरे, सगळे भट्टीच्या तोंडाकडे.]

[दृश्य: पहिला पत्रा बाहेर.]

वरून रंग जवळपास पांढराच, कडेला आणि बुडाला फिकट बदामी. मधोमध भेगा. वरचा रंग गडद होण्याची वाट बघितली तर बूड हमखास करपतं. गरम असताना ती बोटानं दाबली तर खचते, आणि कच्ची राहिली असं वाटून नवखी माणसं पत्रा पुन्हा आत लावायला सांगतात. तसं करू नये. आतलं तूप निवून थिजलं की ती आपोआप खुसखुशीत होते.

अशा लाकडाच्या भट्ट्या कमी होताहेत. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. शहराच्या हवेसाठी ते गरजेचं होतं. भट्टी गॅसवर गेली तरी दुपारी दोन तास शेजारच्या बायकांच्या पत्र्यांसाठी ती मोकळी ठेवता येते, आणि बेकरीवाल्यांनी ती ठेवावी, असं आमचं मागणं आहे.

[दृश्य: पुन्हा घर. गॅसवर जाड बुडाची कढई.]

ज्यांच्या जवळपास भट्टी उरलेली नाही, त्यांच्यासाठी सासूबाईंनी हीही रीत करून दाखवली. जाड बुडाच्या कढईत दोन बोटं जाड मीठ, त्यावर एक तिवई, झाकण घालून दहा मिनिटं तापवायची. मग तूप लावलेल्या ताटलीत थोडेच गोळे, अंतर ठेवून. आच मंद. पहिली पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. कडेचा बदामी रंग येणार नाही, तो भट्टीतच येतो. पण भेगा पडतात, आणि खाताना कुणी रंग विचारत नाही.

[दृश्य: वर्तमानपत्रावर पसरलेली नानकटाई. डबे.]

पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरायची नाही, वाफ धरली की ती मऊ पडते. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे सहज टिकते. एक डबा देवापुढे, एक भाऊबीजेसाठी बाजूला, एक चाचांच्या घरी. उरलेली पोरांच्या हाताला लागणार नाही अशी वरच्या फळीवर.