हा दगड आधी कुठे होता?

हा वाळूचा खडक जरा कडेने बघा. तिरप्या तिरप्या रेघा दिसतायत ना, त्या वाऱ्याच्या आहेत. वारा वाळूच्या टेकडीवर एका बाजूने कण वर ढकलत नेतो, माथा आला की ते पलीकडे घसरतात आणि साधारण 30 ते 34 अंशांच्या उतारावर थांबतात, मग त्यावर पुढचा थर, परत पुढचा, असं हजारो वर्षं चालू. अमेरिकेत झायन नॅशनल पार्कमधे असे कडेच्या कडे उभे आहेत, म्हणजे ज्युरासिक काळातलं अख्खं वाळवंटच दगड होऊन बसलंय. भिंगाखाली त्यातले कण घासलेल्या काचेसारखे धुरकट दिसतात, एकमेकांवर आपटून आपटून चकाकी गेलेली.

नदीचा हिशोब वेगळा. पाण्याला जोर आहे तोवरच ओझं वाहायचं. डोंगर संपला, उतार कमी झाला की आधी गोटे टाकले, पुढे वाळू. चिखलाचे कण मात्र 0.004 मिलिमीटरपेक्षा बारीक, पाणी जवळजवळ थांबल्याशिवाय ते तळाला बसतच नाहीत. त्यामुळे पापुद्रे निघणारा शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला खडक, दिसला की समजायचं, इथे पाणी निवांत होतं, तळं असेल, पुराचं मैदान असेल नाहीतर खोल समुद्र. दलदलीत झाडं गाडली गेली, हवा मिळाली नाही म्हणून पूर्ण कुजली नाहीत, तर कोळसा.

चुनखडीत बहुतेक वेळा गाळ वाहून आलेलाच नसतो, तिथलेच जीव मरून साचलेले असतात. इंग्लंडमधले डोव्हरचे पांढरे कडे घ्या, ते मुख्यतः समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाच्या कवचांचे आहेत, एकेक तुकडा मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा!

आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे मीठ. हो, मीठसुद्धा खडक असतो. समुद्राचं पाणी आटून पाचवा हिस्सा राहिलं की जिप्सम नावाचं मऊ खनिज बसायला लागतं, दहावा हिस्सा राहिलं की मीठ, क्रम ठरलेला. भूमध्य समुद्राच्या तळाखाली हे दोन्ही सापडलं, मीठ तर काही ठिकाणी किलोमीटरपेक्षा जाड. साधारण 60 ते 53 लाख वर्षांपूर्वी अटलांटिकमधून येणारी पाण्याची वाट आवळली गेली आणि ऊन आपलं काम करत राहिलं. आज त्याच मिठावरून जहाजं जातात.