परिक्रमेनंतरचं इंदूर

नमस्कार, श्रोतेहो.

नर्मदा परिक्रमा पुरी करून दुसरा दिवस उजाडला आणि मी व माझ्या थोरल्या जाऊबाई इंदुरात पोह्यांचे पैसे बुडवून निघालो. मुद्दाम नव्हे हो! राजवाड्याजवळच्या गल्लीत एका गाडीवर पोहे खाल्ले. वाफवलेले, बडीशेप घातलेले, वर बारीक शेव आणि जीरावन मसाला, सोबत गरम जिलबी. द्रोण टोपलीत टाकला, हात जोडले, ‘नर्मदे हर’ म्हटलं आणि लागलो चालायला. मागून हाक आली, ‘माताजी, पैसे!’

जाऊबाई अशा ओशाळल्या की विचारू नका. पण साडेचार महिने आम्ही हेच करत होतो. कुणाच्या दारात बालभोग म्हणजे सकाळची न्याहारी, कुठल्या आश्रमात भोजनप्रसादी, कुठे सदावर्तात मिळालेलं पीठ-डाळ-मीठ आणि आपल्या हाताने थापलेले टिक्कड, म्हणजे जाड रोट्या. खाल्लं, हात जोडले, निघालो. खिशात हात घालायची सवयच मोडली होती. त्या गाडीवाल्याने पैसे मोजून घेतले, सुट्टे परत दिले. ‘परिक्रमावासी आहात का, मग राहू द्या’ असलं काही तो म्हणाला नाही. आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

इंदूरला राहायचं आमच्या मनातही नव्हतं. पुण्याची तिकिटं दोन दिवसांनंतरचीच मिळाली, म्हणून राहिलो. घरून मुलाचा फोन, ‘आई, मावंदं कधी घालायचं?’ मावंदं म्हणजे यात्रा पुरी झाल्यावर घालायचं जेवण. घरी काय वाढून ठेवलंय ते दिसतच होतं. पुरणपोळ्या, हार, आणि ओळीने पाया पडणारी माणसं. त्या आधी दोन दिवस जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा गावात काढावेत, हे आता मी परिक्रमेला निघणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना परिक्रमेचे नियम ठाऊक असतील. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही. फक्त समुद्राशी, जिथे ती संपते तिथे, नावेतून पलीकडे जायचं. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून २६२४, रस्त्याचे वळसे वेगळे. आम्ही कार्तिकात ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलली, ती दक्षिण काठावरून. ओंकारेश्वराचं मंदिर मांधाता बेटावर आहे. बेट नदीत, म्हणून परिक्रमावासीयाने तिथे जायचं नाही. अलीकडच्या काठावर ममलेश्वर आहे, त्याचं दर्शन घेऊन निघायचं. साडेचार महिन्यांनी परत आलो, कढई केली, म्हणजे मैयाला शिऱ्याचा नैवेद्य दाखवला, कुमारिकांना शिरा वाढला आणि मग पूल ओलांडून बेटावर गेलो. परिक्रमाभर सोबत बाळगलेल्या कुपीतलं नर्मदेचं जल ओंकारेश्वराला वाहिलं. कुपी रिकामी झाली तेव्हा जाऊबाईंनी ती उलटी करून पुन्हा पुन्हा झटकली. थेंब नव्हता.

इंदूर तिथून जेमतेम ऐंशी किलोमीटर. आमच्या हिशेबात तीन-चार मुक्काम, बसच्या हिशेबात दुपारच्या जेवणाआधी. मोरटक्क्याला नर्मदेवर पूल आहे. बस पुलावर चढली तशी जाऊबाईंनी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि डोळे मिटले. पलीकडे खेडीघाट आला, तेव्हा कुठे पाय खाली. ‘अहो, आता चालतं,’ मी म्हटलं. ‘तुला चालत असेल,’ त्या म्हणाल्या.

लॉजच्या काउंटरवर पोराने आधारकार्ड मागितलं, तर जाऊबाईंनी विचारलं, ‘बाळा, आसन कुठे लावायचं?’ खोलीत पलंग होता, त्यावर गुबगुबीत गादी. आम्ही दोघी रात्री फरशीवर चटया अंथरून झोपलो. पलंगावर झोळ्या झोपल्या.

आता इंदूर बघितलं ते सांगते. राजवाडा सात मजली आहे, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. बांधायला सुरुवात मल्हारराव होळकरांनी केली. १९८४ च्या दंगलीत त्याला आग लागली होती, पुढे दुरुस्ती झाली. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. आम्ही उत्तर काठाने येताना महेश्वरच्या घाटावर मुक्काम केला होता, तिथल्या वाड्यात त्यांची साधी पांढरी गादी बघितली होती. त्यामुळे राजवाड्याच्या उंच दरवाजाखाली जाऊबाई म्हणाल्या, ‘बाई इथे कशी राहील? इथून मैया दिसत नाही.’ इतिहासाची चार पुस्तकं वाचून मला जे उमगलं नसतं ते त्या एका वाक्यात बोलून गेल्या, असं मला वाटतं. अहिल्याबाईंनी राजधानी इंदूरहून महेश्वरला नेण्यामागे राज्यकारभाराची कारणंही असणारच, पण जाऊबाईंशी वाद कोण घालणार!

काचमंदिरात मात्र फजिती झाली. इंदूरचे गिरणीमालक सर हुकुमचंद यांनी बांधलेलं हे जैन मंदिर. भिंती, खांब, छत, पायाखालची जमीन, सगळीकडे काच. साडेचार महिन्यांत आम्ही आरसा म्हणून बघितला नव्हता. आत पाऊल टाकलं आणि रापलेली, गालफडं बसलेली, ओठ फुटलेली एक बाई चहूबाजूंनी माझ्याकडे बघायला लागली. शेकड्यांनी. मी घाबरून पदर सारखा केला, तर सगळ्यांनीच केला. जाऊबाई म्हणाल्या, ‘बघ, सगळ्या परिक्रमावासीच दिसतायत.’

रात्री सराफ्यात गेलो. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्याच ओट्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात. भुट्ट्याचा कीस खाल्ला. कोवळं कणीस किसून दुधात शिजवलेलं, वर खोबरं आणि लिंबू. टिक्कडाला सरावलेल्या माझ्या पोटाने अर्ध्या द्रोणातच हात टेकले. जाऊबाईंनी माझाही संपवला.

पण इंदूरमध्ये मला खरं काही मिळालं असेल तर ते कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी. होळकरांच्या या छत्र्या, म्हणजे स्मारकं, कान्ह नदीच्या काठी आहेत. नदी म्हणजे काय, शहराच्या मधोमध वाहणारी, पाणी काळसर. तिथे बसलो असताना शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते, चांगलं मराठी बोलणारे, पाणीपुरवठा खात्यात नोकरी केलेले. आम्ही परिक्रमा करून आलोय कळल्यावर ते म्हणाले, ‘मग सकाळी आंघोळ कशाने केलीत?’ नळाच्या पाण्याने, आणखी कशाने! ते हसले. इंदूरच्या नळाला नर्मदाच येते. मंडलेश्वरजवळ जलूदला पाणी उचलतात आणि पंपांनी विंध्य चढवून सत्तर किलोमीटर इकडे आणतात. १९७८ पासून.

मी लॉजवर बादली भरून वाहू दिली होती ते आठवलं आणि जीभ चावली.

पुढे त्यांनी जे सांगितलं ते ऐका. इंदूर विंध्याच्या वर, माळव्याच्या पठारावर. इथला उतार उत्तरेकडे. वापरलेलं पाणी या कान्हमध्ये येतं, कान्ह क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला. म्हणजे पश्चिमेच्या समुद्राकडे निघालेली नर्मदा या शहराच्या घराघरांतून फिरून चक्क बंगालच्या उपसागराकडे जाते. गंगा काळ्या गाईच्या रूपाने नर्मदेत आंघोळीला येते आणि उजळून जाते, ही कथा आम्ही काठावर किती ठिकाणी ऐकली होती. आणि इथे नर्मदाच काळी होऊन गंगेकडे चालली होती. जाऊबाई बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग हात जोडले. कुणाला जोडले ते मी विचारलं नाही.

त्या रात्री आम्ही बादली अर्धीच भरली.

पुण्याची गाडी इंदूरहून रतलाम, बडोदा असा वळसा घेऊन येते. भरूचला ती नर्मदा ओलांडते, आम्ही ज्या भरूचमधून पौषात चालत गेलो होतो तिथेच. मी जागी राहिले होते. पुलाचा आवाज सुरू झाला, खाली अंधारात रुंद पाणी, लांब कुठेतरी एक दिवा. समोरच्या बर्थवर जाऊबाई गाढ झोपल्या होत्या. एकदा वाटलं, हलवावं. पण नाही उठवलं. त्यांचे पाय तसेही वरच होते.