बिंदू चौकातला पुतळा

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय कोल्हापूरच्या बिंदू चौकातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याबद्दल. शेजारी महात्मा फुले आहेत. दोन्ही अर्धपुतळे 9 डिसेंबर 1950 ला बसवले. पुढाकार कोल्हापूरचे समाजसुधारक भाई माधवराव बागल यांचा, शिल्पकार बाळ चव्हाण. त्या वेळी बाबासाहेब दिल्लीत कायदामंत्री होते. म्हणजे हा पुतळा ते हयात असताना उभा राहिला. पुन्हा सांगतो, हयात असताना! बाबासाहेबांचा जगातला पहिला पुतळा हाच, असं कोल्हापूरकर अभिमानानं सांगतात.

पण हे कोल्हापुरातच का झालं? त्यासाठी माणगावला जावं लागतं. रायगडातलं नव्हे, आपलं कोल्हापूर जिल्ह्यातलं, रुकडीजवळचं. ही गोष्ट सांगायची संधी मी सोडत नाही, घरचे आता हात जोडतात.

साल 1920, मार्चची 21 आणि 22 तारीख. अस्पृश्यांची परिषद. अध्यक्ष कोण, तर अठ्ठावीस वर्षांचे आंबेडकर. त्यांचं 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. महाराष्ट्राला हे नाव अजून नीट ठाऊक नव्हतं. पण शाहू महाराजांना ठाऊक होतं. मुंबईत परळच्या चाळीत महाराज स्वतः त्यांना भेटायला गेले होते. छत्रपती चाळीचा जिना चढतायत, डोळ्यांपुढे आणा जरा! आणि 'मूकनायक'ला अडीच हजार रुपये दिले, त्या काळातले अडीच हजार.

तर माणगावला महाराज आले आणि भाषणाला उभे राहिले. जमलेल्यांना म्हणाले, तुम्ही तुमचा खरा पुढारी शोधून काढलात, तुमचं अभिनंदन. आणि पुढं म्हणाले, एक वेळ अशी येईल की हे साऱ्या हिंदुस्थानचे पुढारी होतील. एकोणीसशे वीस साली, बरं का! एवढ्यावर थांबले असते तर ते महाराज कसले? भर सभेत त्यांनी आंबेडकरांना रजपूतवाडीच्या कॅम्पवर जेवायचं आमंत्रण दिलं. ज्याच्या सावलीचा विटाळ मानत, त्याला राजा पंगतीला बोलावतो, तेही चारचौघांत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला तर भाषणापेक्षा ते आमंत्रणच मोठं वाटतं.

महाराज 1922 मध्ये गेले. माणगावनंतर तीस वर्षांनी पुतळा बसला, तोवर राज्यघटनाही लागू झाली होती.

आता बिंदू चौक म्हटलं की पर्यटकांना पार्किंग आठवतं. गाडी लावायची नि तडक अंबाबाईला पळायचं. आणि ते वाढदिवसाचे फ्लेक्स! ज्या चौकात फुले-आंबेडकर आहेत, तिथं कुण्या भावी नगरसेवकाचं हसू दहा फुटी कशाला पाहिजे? असो, विषय निघाला म्हणून बोललो.

एवढंच करा, गाडी लावलीत की दोन मिनिटं पुतळ्यांपाशी थांबा आणि मुलांना तारीख सांगा. 9 डिसेंबर 1950. नमस्कार.