घर एकट्याचं, नियम दोघांचे

नमस्कार श्रोतेहो. निवृत्तांच्या वसाहतीत राहायला जायचं ठरलं की आपण लिफ्ट बघतो, डॉक्टर किती लांब ते विचारतो. सभासदत्वाचे नियम मात्र न वाचताच सही होते. आणि हे नियम बऱ्याच ठिकाणी जोडपं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात.

आमच्या ओळखीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, अविवाहित. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. त्यांच्या वसाहतीत मासिक शुल्क घरटी होतं, दोन वेळचं जेवणही त्यातच. शेजारच्या घरात दोघं, बाईंच्या घरात एकट्या बाई, रक्कम तीच. वार्षिक सभेत बाई उभ्या राहिल्या. चिटणीस म्हणाले, "बाई, घरात एकच माणूस आहे म्हणून रखवालदार अर्धीच रात्र जागत नाही." बाई म्हणाल्या, "अगदी मान्य. रखवालदार घरटी, लिफ्ट घरटी, छताची गळती घरटी. पण ताट? जेवते मी एक, पैसे भरते दोन ताटांचे." चिटणीस कागद चाळू लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आजोबा उठले. म्हणाले, "ही होती तोवर मला यात काही खटकलं नाही. ती गेली, शुल्क तेवढंच राहिलं." मग एकेक हात वर होत गेला. बहुतेक हात बायकांचे. जवळपास सगळ्या जगात बायकांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त आहे, त्यामुळे असल्या नियमांचा भार शेवटी त्यांच्यावरच येतो. त्या सभेत जेवणाचं शुल्क माणशी झालं.

बाईंचं म्हणणं पुन्हा सांगते: घराचा खर्च घरटी, माणसाचा खर्च माणशी. घराचा घरटी, माणसाचा माणशी.

पैशांपेक्षा मला जास्त लागतो तो सोबतीचा नियम. शेजारच्या गृहस्थांची पत्नी वयाच्या अटीत बसत नव्हती, तरी पूर्ण सभासद. बाईंची धाकटी बहीण त्यांच्यासोबत कायमची राहायला तयार होती. ती मात्र पाहुणी, महिन्यातले मोजके दिवस. अमेरिकेत १९९५ चा कायदा आहे. ५५ वर्षांपुढच्यांची वसाहत म्हणवून घ्यायची, तर वस्ती असलेल्या किमान ८० टक्के घरांत निदान एक माणूस ५५ किंवा त्याहून मोठा हवा. दुसरा माणूस नवरा किंवा बायकोच हवी, असं त्यात नाही. बहीण चालेल, मैत्रीणही चालेल. नवरा-बायकोच हवी ही अट वसाहती आपणहून घालतात, म्हणजे त्या ती काढूही शकतात. बाईंच्या वसाहतीनं ती अजून काढलेली नाही, आणि हा अन्याय आहे असं मी स्पष्ट म्हणते.

तेव्हा सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. शुल्कातलं घरटी किती, माणशी किती? जोडीदार गेल्यावर किती कमी होईल? आणि सोबतीला कोण राहू शकतं? आज जोडीनं जाणार असलात तरी हे तिन्ही प्रश्न विचारा. नमस्कार.