व्हेलचे वाटे

फेरो बेटांचे ते फोटो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. लालभडक खाडी, काठावर ओळीने पडलेले काळे देह, कमरेएवढ्या पाण्यात उभी माणसं. अधूनमधून ते व्हॉट्सॲपवर फिरतात आणि खाली कुणीतरी लिहितं, की मुलगा वयात आला हे सिद्ध करायला तिथे ही कत्तल करतात. ही शुद्ध थाप आहे. पण फोटो खरे आहेत, म्हणून आधी नेमकं काय होतं ते सांगतो आणि मग वादाकडे येतो.

फेरो म्हणजे स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्यामधली 18 बेटं. लोकसंख्या 54 हजारांच्या आसपास. डेन्मार्कच्या राज्यात, पण कारभार स्वतःचा. झाड दिसणं मुश्कील, धान्य पिकणं त्याहून मुश्कील. शतकानुशतकं मेंढ्या, मासे, समुद्रपक्षी आणि पायलट व्हेल (काळ्या, छोट्या व्हेलची एक जात) यांवर माणसं जगली. या शिकारीला तिथे ग्रिंदाद्राप म्हणतात. पहिली नोंद 1584 ची, आणि 1709 पासून तर जवळपास सलग नोंदी आहेत: कुठल्या खाडीत, कुठल्या दिवशी, किती. रानातल्या प्राण्याच्या शिकारीचा इतका जुना आणि सलग हिशेब जगात फारच थोड्या ठिकाणी सापडेल. सरासरी पाहिली तर वर्षाला आठशेच्या आसपास व्हेल.

शिकारीचा मुहूर्त ठरलेला नसतो. कुणाला तरी, कधी मासेमारी बोटीवरून, कधी फेरीबोटीवरून, कळप दिसतो. निरोप जातो. त्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि शिकारीचे मुकादम नेमलेले असतात, त्यांचं ऐकावं लागतं. बोटी कळपामागे अर्धगोल धरतात आणि त्याला मान्यताप्राप्त खाडीत हाकतात. तळ उथळ, उताराचा असेल अशाच खाडीला मान्यता मिळते. व्हेल वाळूवर अडकला, की नाकपुडीत, म्हणजे डोक्यावरच्या श्वासछिद्रात, बोथट गोल आकडा घालून दोरीने ओढतात. त्या छिद्राच्या थोडं मागे एक खास भाला खुपसतात. कण्यातला मज्जारज्जू आणि मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या एकदम तुटतात. नीट बसला तर काम काही सेकंदांचं. पूर्वी धारदार आकडा मांसातच रुतवत. किनाऱ्यावर ते आता बंद आहे. 2015 पासून हा भाला सक्तीचा आहे आणि प्रशिक्षण घेतल्याशिवाय कुणाला मारायला हात लावता येत नाही.

आता पुढचा भाग, जो फोटोत कधीच नसतो. सगळे देह धक्क्यावर ओळीने मांडतात. माप घेणारी माणसं प्रत्येकाची लांबी मोजतात आणि कातडीवर सुरीने क्रमांक आणि माप कोरतात. मापाचं एकक आहे स्किन. एक स्किन म्हणजे 38 किलो मांस आणि 34 किलो चरबी. सगळ्या व्हेलची स्किन जमवली जातात, मग कळप पहिल्यांदा पाहणाऱ्याचा मान, शिकारीला आलेल्यांचा हिस्सा, खाडीकाठच्या घरांचा हिस्सा असा हिशेब मांडून चिठ्ठ्या काढतात: अमुक क्रमांकाच्या व्हेलमधून अमुक घरांना इतकं. पैसे नाहीत. आपल्याकडे गावात बोकड कापला की वाटे घालतात ना, तसंच. फक्त इथे वाट्यांचा कायदा आहे. माझ्या मते या शिकारीचं नीतिशास्त्र कशात असेल तर ते या चिठ्ठीत आहे. आजचं माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

विरोधकांचं सगळ्यात सबळ म्हणणं रक्ताचं नाहीच. लाल पाणी पाहून भडकणं सोपं असतं. बंद कत्तलखान्यातलं रक्त गटारात जातं, एवढाच फरक. सबळ म्हणणं आहे ते कळपाचं. पायलट व्हेल आईच्या कुटुंबात राहतात. मुलगे मोठे झाले तरी आईचा कळप सोडत नाहीत. म्हणजे खाडीत शिरतं ते अख्खं कुटुंब, आणि शेवटी मरणारा व्हेल आधीच्यांचं मरण शेजारी पाहत, ऐकत असतो. भाल्याचे ते काही सेकंद मोजताना हाकण्यातले तास धरायचे नाहीत, हा हिशेब मला पटत नाही. फेरोची माणसं यावर म्हणतात, आमचा व्हेल शेवटच्या दिवसापर्यंत मोकळा होता, तुमच्या डुकराला सूर्य दिसला का? बिनतोड आहे. पण ‘तुम्ही तरी कुठे’ या उत्तराने विचारणाऱ्याचं तोंड बंद होतं, व्हेलची वेदना कमी होत नाही.

मग परंपरेचा मुद्दा निघतो. तो मला सगळ्यात कच्चा वाटतो, आणि का ते दोन बेटांवरून सांगतो. कॅरिबियनमधलं बेक्वे बेट. तिथे शिडाच्या होडीतून, हातातल्या हार्पूनने, म्हणजे दोरी बांधलेल्या भाल्याने, हंपबॅक व्हेल मारतात. ही कला तिथे आली 1870 च्या दशकात, अमेरिकन व्हेलबोटींवर काम करून परतलेल्या माणसाकडून. तरी आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने बेक्वेला मूलनिवासींच्या निर्वाहाच्या गटात बसवून वर्षाला सरासरी चार व्हेलची मुभा दिली. याच आयोगाने 1982 मध्ये व्यापारी शिकारीवर बंदी ठरवली, ती 1986 च्या सुमारास अमलात आली. फेरोचे पायलट व्हेल मात्र त्याच्या कक्षेतच येत नाहीत, कारण छोट्या व्हेलबद्दल आयोगात एकमत नाही. दुसरं बेट इंडोनेशियातलं लेंबाटा, तिथलं लामालेरा गाव. होडीच्या टोकावरून बांबूच्या दांड्याचा हार्पून घेऊन माणूस अंगाचा सगळा भार टाकत स्पर्म व्हेलवर उडी घेतो. गाव कॅथलिक आहे. मे महिन्यात हंगाम सुरू होताना समुद्रकाठी मिसा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते. सुकवलेलं मांस बायका डोक्यावरून बाजाराला नेतात आणि डोंगरातल्या लोकांकडून त्याच्या बदल्यात मका घेतात. तिथे व्हेल नाही तर मका नाही.

बेक्वे दीडशे वर्षांचं, फेरो चारशेहून अधिक वर्षांचं, लामालेराही जुनं. वर्षं मोजून कोण बरोबर हे ठरतं का? फेरोत आज सुपरमार्केट आहे, सॅल्मनची निर्यात आहे, दरडोई उत्पन्न आपल्या कल्पनेपलीकडचं आहे. उपासमारीचा दाखला तिथे चालणार नाही. बैलगाडा शर्यतींच्या वादात हे आपणही पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंदी घातली, 2023 मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा दुरुस्ती कायदा मान्य केला. नऊ वर्षांत परंपरेचं वय फारसं वाढलं नव्हतं.

12 सप्टेंबर 2021. फेरोतल्या एस्तुरॉय बेटावरच्या स्कालाबोत्नुर खाडीत एका दिवसात 1,428 डॉल्फिन मारले गेले, पांढऱ्या कुशीचे. पायलट व्हेल नव्हेत, पण कायद्यात बसणारे. जगभर बोंब झाली, ती दरवर्षीच होते. या वेळी बोंब घरातून उठली. माणसं कमी, प्राणी जास्त. एवढ्या मांसाचं करायचं काय, हा प्रश्न शिकारीच विचारत होते. तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने झटपट पाहणी घेतली: निम्म्याहून थोडे अधिक लोक डॉल्फिनच्या शिकारीविरुद्ध, आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक पायलट व्हेलची शिकार चालू ठेवावी म्हणणारे. बाहेरच्यांना ही विसंगती वाटली. मला वाटत नाही. त्या दिवशी वाटणी कोसळली, आणि वाटणी कोसळली की जे उरतं ती निव्वळ कत्तल, हे त्यांना आपल्याआधी कळलं. सरकारने 2022 आणि 2023 साठी डॉल्फिनवर वर्षाला 500 ची मर्यादा घातली.

आणि एक विरोध तर बाहेरच्या निदर्शकांच्या जहाजातून आलाच नाही, दवाखान्यातून आला. 1986-87 मध्ये फेरोत जन्मलेल्या हजारभर मुलांच्या नाळेतलं रक्त डॉक्टर पाल वाइहे आणि फिलिप ग्रांजाँ यांनी तपासायला घेतलं. पायलट व्हेल अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला, त्यामुळे त्याच्या मांसात पारा साठतो. मुलं सात वर्षांची झाल्यावर चाचण्या झाल्या आणि 1997 मध्ये निष्कर्ष आले: गर्भात ज्यांना पारा जास्त मिळाला त्यांची भाषा, लक्ष, स्मरणशक्ती यांत उणीव. 2008 मध्ये वाइहे आणि तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहूनच दिलं, की पायलट व्हेल माणसाने खाण्याजोगा राहिलेला नाही. 2011 ची सरकारी शिफारस जरा सौम्य: मोठ्यांनी महिन्यातून फार तर एक जेवण, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी मांस नको, पुढे मूल हवं असणाऱ्या मुलींनी चरबी नको.

हा पारा फेरोच्या माणसांनी समुद्रात टाकलेला नाही. जगात कोळसा जळतो, सोनं गाळलं जातं, पारा हवेत जातो आणि कुठेही उतरतो. आपल्या चंद्रपूर-कोराडीच्या धुराड्यांचाही त्यात वाटा आहे. म्हणून तिथल्या माणसाला ‘तू क्रूर आहेस’ असं इथून सांगताना माझी जीभ थोडी अडखळते.

तरी माझं मत विचारलंत तर सांगतो: लामालेराची शिकार मी थांबवणार नाही. फेरोची थांबावी असं मला वाटतं, पण ती निदर्शनांच्या बोटींनी थांबेल असं वाटत नाही. त्या आल्या की एरवी न जाणारी पोरंही खाडीवर जातात. घरातली बाई मुलाच्या ताटात ते मांस वाढायचं थांबवते, तिथून पुढे चिठ्ठीवर नाव लावणारी घरं कमी होत जातील. नंतर जन्मलेल्या मुलांच्या रक्तातला पारा बराच कमी झालेला आहे, म्हणजे ते सुरू झालंय. आता तुमचे प्रश्न घेऊ. पहिला शाकाहाराबद्दल असणार, हे मी धरूनच आलोय.