फिलिपिन्सचं स्वातंत्र्य कुणाच्या सोयीचं?

१३ ऑगस्ट १८९८. फिलिपिन्स ही स्पेनची वसाहत, आणि स्पेन-अमेरिका युद्ध सुरू आहे. राजधानी मनिलावर अमेरिकी तोफा धडाडतात. पण ही लढाई आधीच ठरलेली आहे. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी अमेरिकी सेनानींशी गुपचूप बोलून घेतलंय: थोडा गोळीबार, मग पांढरं निशाण. फिलिपिनो सैनिकांना मात्र शहरात शिरू द्यायचं नाही. शहराला वेढा घालून बसलेले तेच होते. दोन महिन्यांपूर्वी, १२ जूनला, त्यांच्या नेत्याने, एमिलिओ आगिनाल्दोने, देश स्वतंत्र झाल्याचं जाहीरही केलं होतं.

मनिलाच्या उपसागरात तेव्हा जर्मन युद्धनौकाही टपून होत्या. आपण सोडलं तर दुसरं कुणी गिळेल, असं वॉशिंग्टनला वाटत होतं. डिसेंबरात, पॅरिसच्या तहात, स्पेनने दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात अख्खा द्वीपसमूह अमेरिकेच्या हवाली केला. फिलिपिनोंचे प्रतिनिधी आगोन्सिल्यो पॅरिसला पोचले होते. त्यांना बैठकीत घेतलंच नाही. पुढे फिलिपिनो आणि अमेरिकनांत युद्ध पेटलं, आणि गावंच्या गावं उजाड झाली.

मग १९३४ साली अमेरिकेने कायदा केला: दहा वर्षांच्या स्वराज्यानंतर पूर्ण स्वातंत्र्य. याला औदार्य म्हणवत नाही. मानुएल केसोनसारखे नेते वर्षानुवर्षं वॉशिंग्टनला खेटे घालत होते, त्यांची चिकाटी मोठीच. पण मंदीत होरपळलेल्या अमेरिकी शेतकऱ्यांना फिलिपिन्सची बिनजकातीची साखर नको होती, खोबरेल तेल नको होतं. कामगार संघटनांना तिथले मजूर नको होते. म्हणून त्याच कायद्याने फिलिपिनो स्थलांतरितांवर मर्यादा घातली: वर्षाला फक्त ५० माणसं! तोवर देश अमेरिकेचाच, माणसं मात्र परकी.

दरम्यान दुसऱ्या महायुद्धात जपानने देश ताब्यात घेतला. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यानेही ‘स्वातंत्र्य’ बहाल केलं, आपलं सैन्य तिथेच ठेवून. १९४५ मध्ये जपानी कत्तली आणि अमेरिकी तोफा यांच्या कचाट्यात मनिलाचे सुमारे एक लाख नागरिक मेले.

४ जुलै १९४६ ला अमेरिकी झेंडा उतरला. मात्र युद्धात बेचिराख झालेल्या देशाला मोठी नुकसानभरपाई हवी, तर जमीन आणि खाणींत अमेरिकनांना फिलिपिनोंइतकाच हक्क द्या, अशी अट होती. त्यासाठी राज्यघटना बदलावी लागली. १९४७ मध्ये अमेरिकी लष्करी तळांचा करार झाला, तोही ९९ वर्षांचा. पुढे ती मुदत कमी झाली. तळांच्या नव्या कराराला फिलिपिन्सच्या सिनेटने नकार दिला तो सप्टेंबर १९९१ मध्ये, १२ विरुद्ध ११ मतांनी.